फोटो अंधारात काढला काय?

आमच्या फोटोग्राफी क्लासच्या सरांच्या जॅकेटला खिसेच खिसे होते आणि त्यातल्या एकाही खिशात काही नसायचं. मी मुद्दाम लक्ष ठेवलं होतं. अमरावतीच्या उन्हात माणसाला अंगावरचा बनियनही जड होतो, पण हा गृहस्थ ते बिनबाह्यांचं खाकी जॅकेट चढवून यायचा आणि दर रविवारी तेच वाक्य टाकायचा, "फोटो कॅमेरा काढत नाही, मन काढतं." मन काढतं तर आम्ही गळ्यात हे ओझं अडकवून का बसलो आहोत, असं मी पहिल्याच रविवारी विचारलं. सर हसले. उत्तर सुचलं नाही की हसायचं, ही त्यांची पद्धत होती.

मी नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते. भूगोल शिकवायचे. निरोप समारंभात मला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. जिला आता कुठंच वेळेवर पोचायचं नाही तिला घड्याळ द्यायचं, ही अक्कल स्टाफरूमलाच सुचू शकते. ते घड्याळ अजून खोक्यात आहे. मी स्वतःला एक डिजिटल कॅमेरा घेतला. मोबाईल असताना कॅमेरा कशाला, असं ओळखीतल्या प्रत्येकानं विचारलं, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाचा मोबाईल सुप्रभाताच्या गुलाबांनी भरलेला होता.

क्लासमधले बाकीचे हौशी होते. हौशी म्हणजे ज्यांच्या लेन्स लांब होत्या. कोणाचा फोटो हलला की लेन्स वाईट, धूसर आला की लेन्स वाईट, माणसाचं डोकं कापलं गेलं तरी लेन्सच वाईट. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण मी वर्गात मुलांना वाक्यात उपयोग करायला लावायचे. इथं ती जिवंत बसलेली दिसायची, हातात चहाचा कागदी कप घेऊन.

एकदा सरांनी आम्हा सगळ्यांना चिखलदऱ्याला नेलं. दरीत धुकं होतं, सगळ्यांनी धुक्याचे फोटो काढले, आणि धुक्याच्या फोटोत जे यायचं तेच आलं, म्हणजे काही नाही. मग रस्त्यानं एक म्हातारी सरपणाची मोळी घेऊन चालली होती, ती सरांना सापडली. त्यांनी तिला थांबवलं. मोळी खाली ठेवायला लावली, पुन्हा डोक्यावर घ्यायला लावली, मग दगडावर बसवून हनुवटीला हात लावून दरीकडे बघायला लावलं. "चेहऱ्यात काय कॅरेक्टर आहे बघा. काळ्या चेहऱ्यावर सुरकुत्या कशा उठून दिसतात!" असं तिच्यासमोरच सांगितलं. सगळे गुडघ्यावर बसले आणि क्लिकक्लिकाट सुरू झाला. शेवटी तिला बिस्किटाचा पुडा दिला. तिनं तो तिथंच फोडून खायला सुरुवात केली, तर सर म्हणतात, "आजी, आत्ता नका खाऊ, मूड जातोय." म्हातारीनं त्यांच्याकडं पाहिलं आणि दुसरं बिस्किट तोंडात घातलं. त्या सहलीत मला आवडलेली तेवढी एकच गोष्ट. परतल्यावर सगळ्यांचे फोटो ग्रुपवर आले. सगळे कृष्णधवल, सगळे सारखे, आणि निम्म्यांच्या खाली लिहिलेलं, "जीवन."

हेच सर लग्नाचे फोटो काढायचे, पोटापाण्याचा धंदा तो होता. त्यांच्या अल्बममधली एकही नवरी सावळीसुद्धा नव्हती. काळा रंग म्हातारीच्या गालावर आणि गरिबाच्या अंगावर असला की कला, आणि नवरीच्या गालावर असला की दुरुस्ती. मला त्या माणसाचा तेव्हापासून जो तिटकारा आला तो आला.

आता मुद्द्याचं सांगते. माझा धाकटा भाऊ अकोल्यात राहतो, मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात. आमचं घर फुलांचं. शहराबाहेर थोडं वावर आहे, त्यात झेंडू आणि शेवंती होतात, आणि देवळाजवळच्या गल्लीत भावाचं हारांचं दुकान आहे. त्याला एकच मुलगी. ती माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. शेतकरी पिशव्यांतून माती आणतात, ही ती वाळवते, चाळते, तपासते आणि कशाची कमतरता आहे ते लिहून देते. हुशार आहे, फटकळ आहे आणि काळी आहे. सावळी, गव्हाळ, निमगोरी असे सगळे शब्द आमच्या नातेवाइकांनी तिला लावून पाहिले, साडीला ब्लाउजपीस लावून पाहावा तसे. एकही जुळला नाही, कारण ती काळी आहे.

मी मात्र गोरी आहे. त्यात माझं कर्तृत्व शून्य, पण आमच्या घरात त्याचं कौतुक असं, की जणू मी परीक्षा देऊन ते मिळवलं. "पोरगी आत्यावर नाही गेली," हे वाक्य ती पाळण्यात होती तेव्हापासून मी ऐकते आहे, आणि दर वेळी म्हणणाऱ्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटते.

तर तिच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर आपल्या भागातल्या मातीचा तक्ता लावायचा होता. इंटरनेटवरचे फोटो तिला पटेनात. मला फोन करून म्हणाली, "आत्या, तू एवढा क्लास लावला, तं आपल्या वावराचा फोटो काढून दे." मी आनंदानं अकोल्याला गेले. आयुष्यभर फळ्यावर 'काळी कसदार मृदा' असं लिहिलं, आता तिचा फोटो काढायचा होता.

शेवंती निघून गेली होती आणि वावर नुकतंच नांगरलेलं होतं. आमच्याकडे शेतजमिनीला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी. माणसं पांढरीत राहतात आणि काळीच्या जिवावर जगतात. भाऊ वावरात पाय टाकण्याआधी वाकून मातीला हात लावतो आणि तो हात कपाळाला नेतो. त्या दिवशीही नेला. ढेकळं ओलसर, काळीभोर पडली होती. मी वाकले, चौकट ढेकळांनी भरली आणि बटण दाबलं.

स्क्रीनवर राख आली. चुलीतून ओढून पसरलेली असावी तशी करडी, फिकट राख. पुन्हा काढला, पुन्हा राखच. भाचीनं एक ढेकूळ उचलून स्क्रीनशेजारी धरलं. एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं.

"आत्या, हे माती नाही, राख होय. जशी हाय तशी आली पायजे. रंग चुकला तं तक्त्याचा काय उपयोग?"

भाऊ खांद्यावरून डोकावला आणि भडकलाच. "हे कोनाचं वावर होय? माह्या वावराची माती अशी पांढरी हाय काय? कोनं पाहिलं तं म्हनन, याची जमीन खारवटली. माहं नाक कापाले आली काय ताई तू? काळी दिसली पायजे, काळीकुट्ट!"

त्याचं बरोबर होतं. मी खजील झाले आणि कॅमेरा पिशवीत टाकला. तोच भाऊ परतीच्या वाटेवर जुन्या शहरातल्या एका स्टुडिओपाशी थांबला आणि लेकीचे फोटो घेऊन आला. स्थळं पाहणं चालू होतं, बायोडाटाला लावायला फोटो हवे होते. स्टुडिओवाल्यानं पोरीला कॉम्प्युटरवर अशी घासली होती की विचारू नका. गाल कणकेसारखे, नाकाची धार गायब, ओठ गुलाबी. पण हे करताना हात राहून गेले होते. मांडीवर घडी घालून ठेवलेले दोन्ही हात तिचे तिचे, काळे. चेहरा एकीचा आणि हात दुसरीचे.

"हात पाह्यले काय?" मी विचारलं.

"हात कोन पाह्यते?" भाऊ म्हणाला.

"अन् आता वावरात काय म्हणत होता तू? माती पांढरी दिसली तं नाक कापलं जाते. अन् पोरगी?"

"वावराचं अलग असते, ताई." त्यानं गाडी चालू केली. भाची मागच्या सीटवर खिडकीबाहेर पाहत होती. तिनं फोटो हातातही घेतले नाहीत.

तो फोटो पाहून जे लोक आले ते अमरावतीचेच होते, म्हणजे माझ्याच गावचे, याची मला जास्त लाज. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक मावशी. भाची चहाचा ट्रे घेऊन आली. मावशीनं कप उचलला नाही. पर्समधून मोबाईल काढला, त्यावर तो स्टुडिओतला फोटो उघडला, आणि ट्रे धरून उभ्या असलेल्या पोरीच्या गालाशेजारी मोबाईल धरला. बाजारात काकडी ताजी का शिळी ते बघतात तसं एकदा फोटोकडं आणि एकदा तिच्याकडं पाहिलं.

"हे तेच होय काय?" आणि ती हसली. नुसती हसली नाही, बहिणीला कोपरानं ढोसून हसली.

मुलगा फरशीकडं पाहत होता. त्या फरशीत एवढं काय होतं कोणास ठाऊक. माझी भावजय घाईघाईनं म्हणाली, उन्हातून आली आहे, नोकरीत धावपळ होते. पाहुण्यांनी पोहे खाल्ले, दुसऱ्यांदा घेतले, वर दही मागितलं, आणि घरी जाऊन मध्यस्थाकडून निरोप पाठवला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका त्यांनी नेलीच नव्हती. खोटं बोलायलाही जरा मेहनत घ्यावी लागते, तेवढीही या लोकांनी घेतली नाही.

भाची मोरीत तोंड धूत होती. पावडर निघून गेली तरी धूतच राहिली. मग टॉवेलनं तोंड पुसत माझ्याजवळ आली. डोळे लाल होते, पण आवाज नेहमीचा होता.

"आत्या, आता माहा फोटो तू काढ. मी जशी आहो तशी. ज्याले यायचं तो ते पाहून येईन, नाही तं येऊ नये. मले पुन्हा कोनाच्या मोबाईलशेजारी उभं नाही राह्यचं."

मी हो म्हटलं. पण मला तर माती जमली नव्हती, माणूस काय जमणार? तिचा चेहरा कॅमेऱ्यासमोर धरून राख झाली असती तर ती मावशी आणि मी यांत फरक काय राहिला असता? त्या विचारानं मला अकोल्यात झोप लागली नाही. एवढ्या वयात एखादी गोष्ट शिकायचीच असं मी पहिल्यांदा ठरवलं.

रविवारी सरांना विचारलं, काळी वस्तू फोटोत करडी का येते. सर म्हणाले, "मॅडम, ते कॉम्प्युटरवर काळं करून टाकायचं. गोरं करायचं असलं तर तेही तिथंच." आणि हसले. शेजारच्या हौशी गृहस्थांनी लेन्स बदलायचा सल्ला दिला. उथळ पाण्याला खळखळाट फार. मी त्या दिवशी क्लास सोडला. सरांनी जाताना विचारलं, काही चुकलं का मॅडम. मी सांगितलं, खिशात काहीतरी ठेवत जा.

घरी येऊन गच्चीवर बसले. शाळेत मुलांना जे करायला सांगायचे तेच केलं, म्हणजे प्रयोग. काळी छत्री उघडून तिचा जवळून फोटो काढला, चौकटीत दुसरं काही नाही. मग दोरीवरच्या पांढऱ्या चादरीचा तसाच काढला. मग गच्चीच्या सिमेंटच्या भिंतीचा. तीनही फोटो पाहिले तर तीनही सिमेंटचे. छत्री सिमेंटची, चादर सिमेंटची, भिंत तर सिमेंटचीच. मला इतकं हसू आलं की शेजारीण तिच्या गच्चीवरून विचारू लागली, काय झालं.

कॅमेरा काही लबाड नव्हता, अडाणी होता. समोर काय आहे हे त्याला कळत नाही. जगात सगळं मध्यम असावं, फार काळं नको, फार पांढरं नको, अशी त्याची समजूत करून दिलेली असते. समोर काळं आलं की त्याला वाटतं उजेड कमी पडला, म्हणून तो उजेड वाढवतो. पांढरं आलं की वाटतं फार झाला, म्हणून कमी करतो. त्यावर एक अधिक-उणेचं बटण असतं. ते उण्याकडं नेऊन त्याला सांगावं लागतं, बाबा रे, हे काळंच आहे, असू दे. बस्स, एवढंच. ही एवढीशी गोष्ट त्या जॅकेटवाल्याला इतक्या रविवारांत सांगता आली नाही, कारण त्यानं आयुष्यात काळ्याला काळं राहू दिलंच नव्हतं.

पुढच्या खेपेला अकोल्यात थेट वावर गाठलं. बटण उण्याकडं नेलं आणि ढेकळांचा फोटो काढला. थोडा जास्तच काळा आला, मग जरा वर आणला. भाचीनं मला काही सुखासुखी सोडलं नाही. सावलीत काढ, आता उन्हात काढ, आता भेग जवळून घे, असं करत करत पुन्हा पुन्हा वाकायला लावलं. शेवटी ढेकूळ स्क्रीनशेजारी धरलं आणि मान हलवली.

"आता आली माती."

भावानं पाहिलं आणि त्याची छाती फुगली. "हां! हे होय माहं वावर." तो फोटो त्यानं स्वतःच्या व्हॉट्सॲपला लावला, सगळ्या ग्रुपवर टाकला, आणि भाऊबंदांनी हात जोडलेली चित्रं पाठवून काळ्या आईचा जयजयकार केला. त्यात स्टुडिओवालाही होता. मी सगळ्यांचे जयजयकार वाचले. दुसरं काही काम नव्हतं, आणि चीड यायला मला आवडतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीचा फोटो काढायला बसलो. ओसरीवर, दाराशेजारी, जिथं ऊन थेट येत नाही पण उजेड भरपूर असतो. ती रोज कामावर जाते तोच हळदी रंगाचा कुर्ता घालून आली, पावडर नाही, काही नाही. पण खुर्चीवर बसल्याबरोबर मान तिरकी केली आणि स्टुडिओवाल्यानं शिकवलेलं हसू तोंडावर आणलं. असलं हसू मी आमच्या शाळेत तपासणीच्या दिवशी सगळ्या मास्तरांच्या तोंडावर पाहिलं आहे.

मी कॅमेरा खाली ठेवला आणि विचारलं, काल कामावर काय झालं.

"काय होईन? येक जन बांधावरची माती घेऊन आला," ती सुरू झाली. "मी पाह्यलं तं त्यात काडीकचरा, झाडाचं मूळ. म्हटलं, बाप्पा, बांधावरची माती आणता अन् वावराचा रिपोर्ट मागता? तं म्हणे, बांध जवळ होता. अशी चीड येते ना आत्या मले..."

मी कॅमेरा उचलून बटण दाबलं होतं. अधिक-उणे आधीच लावून ठेवलं होतं.

तो फोटो मी अजून पाहते. काळा, तुकतुकीत चेहरा, गालाच्या हाडावर दारातून आलेला उजेड, भुवया चढलेल्या, डोळ्यांत राग आणि त्या रागाच्या कडेला हसू. हात कुर्त्यावर, चेहऱ्याच्याच रंगाचे. भाचीनं कॅमेरा हातात घेतला आणि बराच वेळ पाहत राहिली.

"हो," ती म्हणाली, "हे मी होय."

मला इतका आनंद झाला की मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच पाणी प्याले. नोकरीत कधी कुठलं आदर्श बक्षीस मिळालं नाही, मी तोंडाळ असल्यामुळे मिळणारही नव्हतं. पण त्या सकाळी वाटलं, मला काहीतरी येतं.

भावजयीनं फोटो पाहून तोंड पाडलं. "ताई, लय काळी आली पोरगी."

"आली नाही, आहे," मी म्हटलं.

पोरीनं भावाला ठणकावून सांगितलं, हाच जाईल, नाही तर कुठलाच जाणार नाही. त्यानं तो तिवशाच्या एका स्थळाला पाठवला. शिकलेलं घर होतं, मुलगा कॉलेजात शिकवतो, आईवडील दोघंही नोकरीतून निवृत्त. मी मनात म्हटलं, निदान ही माणसं डोळ्यांनी बघतील.

उत्तर आलं तेव्हा आम्ही दुकानात होतो. सणाचा दिवस होता, भाऊ हार बांधत होता, भाची झेंडूचा ढीग पुढ्यात घेऊन त्याला फुलं काढून देत होती. भावाचे हात ओले, म्हणून त्यानं फोन मला वाचायला दिला. मुलाच्या आईचा मेसेज होता. मी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि मधेच थांबायचं मला सुचलं नाही.

"फोटो अंधारात काढला काय? उजेडातला पाठवा. घरच्यांना मुलगी नीट पाहायची आहे." पुढं जोडलेले हात.

अंधारात! सकाळच्या लख्ख उजेडात, दारातून येणारा उजेड गालावर दिसतो आहे, डोळ्यात दाराची चौकट दिसते आहे, आणि या शिकलेल्या बाईला अंधार दिसला. तिला काळी मुलगी दिसूच शकत नव्हती. समोर काळं आलं की उजेड कमी पडला, एवढंच तिला कळत होतं. माझा अडाणी कॅमेरा बरा, त्याला निदान उणेचं बटण तरी होतं. मी भावाला म्हटलं, लिही, तुमच्या घरी चष्मा लागला आहे का कोणाला. त्यानं लिहिलं नाही. हार बांधत राहिला.

भाचीनं हात पुसले, माझ्या हातून फोन घेतला, मेसेज स्वतः वाचला आणि फोन बापाच्या गल्ल्यावर ठेवला. मग पुन्हा फुलं काढून द्यायला लागली. मला वाटलं ती चिडेल, काहीतरी फटकळ बोलेल. मी त्याची वाट पाहत होते.

पुढच्या रविवारी मी अकोल्यातच होते. सकाळी चहा घेत होते तर ओसरीवर खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. भाचीनं स्वतःच खुर्ची दाराशेजारी आणून ठेवली होती. तोच हळदी कुर्ता.

"आत्या, येक अजून काढ."

"काहून? त्या फोटोत काय वाईट हाय?"

"वाईट नाही. चांगला हाय." तिनं कुर्त्याची बाही सारखी केली. "थोडा उजेड टाक त्यात. जास्त नको. कोनाच्या ध्यानात येनार नाही येवढा. अन् हात-तोंड सारखंच ठेव, त्या स्टुडिओवाल्यावानी करू नको."

मला राग आला. खरंच आला, आणि तो मी बोलून दाखवला. "अन् मातीच्या टायमाले? जशी हाय तशी पायजे म्हणे. उन्हातान्हात वाकवू वाकवू कंबर मोडली तू माही. तवा नाही म्हटलं, थोडा उजेड टाक?"

ती चिडली नाही. शेतकऱ्याला रिपोर्ट समजावून सांगते त्या आवाजात म्हणाली, "मातीले कोनी नकार देत नाही, आत्या."

मला प्रत्येकाला द्यायला उत्तर असतं. सरांना होतं, भावाला होतं, त्या मावशीला तर अजून रोज देते, मनातल्या मनात. हिला द्यायला काही नव्हतं. आणि मी, जन्मभर 'गोरी, गोरी' ऐकत आलेली बाई, हिला कोणत्या तोंडानं सांगणार होते की सोस?

मी कॅमेरा उचलला. अधिक-उणेचं बटण अधिकाकडं नेलं. या वेळी मी तिला कामावरचं काही विचारलं नाही, आणि तिनंही मान आपणहून तिरकी केली. बटण दाबलं.

तिनं स्क्रीन पाहिली. ढेकळांचा पहिला फोटो पाहताना कपाळाला आठी पडली होती, तसं काही झालं नाही. "हां, हा पाठव," म्हणाली आणि खुर्ची आत घेऊन गेली.

भाऊ दाढी करता करता उठून आला, फोटो पाहिला, मला तो त्याच्या मोबाईलवर टाकायला लावला आणि तोंडाला साबण तसाच ठेवून तिवशाला पाठवून मोकळा झाला. भावजय पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून आली. तिनं माझ्या हातातून कॅमेरा घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि तिचा चेहरा फुलला.

"पाहा बाप्पा," ती म्हणाली, "आता शिकल्या ताई फोटो काढाले."